उसनी ताकद

मी अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीचा. आमच्याकडची काळी माती मे महिन्यात अशी वाळते की ढेकूळ फोडायला कुदळ लागते. जुलैत त्याच रानात बैलाचा पाय रुततो. माती तीच, कणही तेच. मग ताकद जाते कुठे?

उत्तर पाण्यात आहे. अर्धवट ओल्या मातीच्या पोकळ्यांत थोडं पाणी असतं, थोडी हवा. हे पाणी पृष्ठताणामुळे ताणलेलं असतं आणि कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. यालाच सक्शन म्हणतात. टर्झागीचं तत्त्व पूर्ण भिजलेल्या मातीचं. त्यात सक्शनचा हिशेब बिशपने 1959 मध्ये आणि फ्रेडलंड व सहकाऱ्यांनी 1978 मध्ये घातला. पाऊस पडला की पोकळ्या भरतात, ताण सुटतो. त्यात आपल्या मातीत माँटमोरिलोनाइट, म्हणजे ती फुगतेही.

आता हीच माती गोठली तर? दुधनीत ते शक्य नाही, लडाखसारख्या भागात दर हिवाळ्यात घडतं. पोकळीतला बर्फ सिमेंटसारखा कण जखडतो. पाणी फारच कमी असेल तर बर्फाचे सांधेही कमी, म्हणून कोरडी वाळू गोठूनही मोकळीच राहते. चिकणमातीत शून्याखालीही कणांना चिकटलेला पाण्याचा पातळ थर द्रवच राहतो. गंमत म्हणजे गोठण्यानेही सक्शन तयार होतं: शून्याखाली दर अंशाला सुमारे 1.2 मेगापास्कल!

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. अर्धवट ओल्या मातीत हवेची जागा असल्याने ही वाढ बरीचशी आत मावते. रस्ता उचलला जातो तो मुख्यतः सक्शनने खालून ओढलेल्या पाण्यामुळे. त्याचे बर्फाचे थर बनतात. उन्हाळा लागला की वरचा थर आधी वितळतो, खालचा गोठलेलाच असतो. पाण्याला वाट नाही, म्हणून चिखल.

म्हणजे दुधनीचा मे आणि लडाखचा जानेवारी सख्खे भाऊच. दोन्हीकडे मातीची ताकद उसनी. पहिला पाऊस किंवा पहिलं ऊन ती परत मागतं.

लॅबमध्ये सी.बी.आर.चा मोल्ड चार दिवस पाण्यात ठेवताना आपण कुरकुरतो. पण तो नियम याचसाठी आहे. आपल्या जुन्या माणसांनी काळीत शेत आणि पांढरीत गाव ठेवलं. काळीतच बांधायची वेळ आली तेव्हा आय.आय.टी. मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायची पद्धत मांडली.

उद्या आपल्यापैकी कुणीतरी मे महिन्यात साइटवर उभं राहील. पायाखालची जमीन दगडासारखी लागेल, मालक म्हणेल, "साहेब, एवढी टणक जमीन, पाया कशाला खोल घ्यायचा?" तेव्हा डिझाइन मे महिन्याचं नको, जुलैचं करा. भेगा पडलेल्या भिंतीआड राहणाऱ्या घरच्यांना आपलं फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट उपयोगी पडत नाही.