अर्बुदाची भूमी : तंतुजनक पेशी आणि खर्रा

वर्धा जिल्ह्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्यास तोंड पुरते न उघडणारा रुग्ण नवा नाही. तिखट सोसत नाही, आग होते, भाकरीचा घास घेता येत नाही, अशी तक्रार असते. खिशात खर्ऱ्याची पन्नी असते. अशाच एका तरुणास आम्ही काही वर्षांपूर्वी मुखपाक समजून चार महिने खदिरादी वटी व त्रिफळा क्वाथाचे गंडूष दिले. गालातील व्रण कर्करोगाचा असल्याचे निदान झाले, तोवर मानेतील ग्रंथीही वाढल्या होत्या. त्या काळात गालाच्या अस्तराखाली काय चालले असावे, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

संयोजी ऊतकातील तंतुजनक पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, एरवी व्रणरोपणाचे काम करतात. जखम झाली की जाग्या होतात, कोलॅजनचे तंतू विणतात आणि काम संपताच निवृत्त होतात. अर्बुदाभोवती मात्र टीजीएफ-बीटासारखी द्रव्ये त्यांना सतत जागे ठेवतात. अर्बुद म्हणजे न भरणारी जखम, असे ड्वोराक यांनी 1986 मध्ये म्हटले ते याच अर्थाने. या जागृत पेशी अर्बुदास वाढीची द्रव्ये पुरवितात, भोवतालचे ऊतक ताठर करतात, रक्षक पेशींची वाट अडवितात. आणि तंतूंचे जाळे विकरांनी कापून जणू बोगदे पाडतात. कर्कपेशी त्यांच्या मागोमाग त्या वाटेने पुढे सरकतात. बीजास भूमी अनुकूल लागते, हा विचार लंडनचे शल्यविद पॅजेट यांनी 1889 मध्येच मांडला होता.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अर्बुद वर्णिताना ते स्थिर, सावकाश वाढणारे व न पिकणारे म्हटले आहे. यावरून त्यांस फायब्रोब्लास्ट ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मात्र आपण आवरावा.

आपल्या भागात बीजापूर्वीच भूमी तयार होते, हे विशेष. सुपारीतील अरेकोलीन तंतुजनक पेशींस चेतविते. तिच्यातील तांबे कोलॅजनचे तंतू एकमेकांस जखडणाऱ्या विकरास बळ देते. अस्तर पांढुरके व चिवट होते, तोंड आखडते. हाच सब्म्यूकस फायब्रोसिस. केरळातील एर्नाकुलम येथे अशा रुग्णांचा 17 वर्षे मागोवा घेतला असता 7.6 टक्क्यांत कर्करोग उद्भवला. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी ठेल्यावर खर्रा घोटला जातोच. शिवाय दोष केवळ तंबाखूचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीसही स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरविले आहे. दिनचर्येत तांबूलसेवन सांगितले आहे हे खरे; तथापि ‘तंबाखू सोडा, साधी सुपारी चालेल’ हा सल्ला, जो आम्हीही पूर्वी दिला आहे, यापुढे कोणी देऊ नये.

मग या पेशींचा नाशच करावा काय? प्रकरण इतके सरळ नाही. 2014 साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या उंदरांत त्या नष्ट केल्या असता रोग उलट उग्र झाला. म्हणजे त्यांपैकी काही कुंपणाचेही काम करतात. हरिद्रेवर प्रयोगशाळेत पुष्कळ काम झाले आहे, पण तेवढ्यावरून औषधालयात तिची बाटली कर्करोगावरील उपाय म्हणून पुढे करणे योग्य नव्हे. अशी जाहिरात 1954 च्या औषधी व चमत्कारिक उपचार कायद्याने निषिद्धही आहे.

मुखपाकाच्या प्रत्येक रुग्णास स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालावयास सांगावे. ती मावत नसतील, अथवा व्रण दोन आठवड्यांत भरला नसेल, तर क्षारप्रतिसारण करीत बसू नये; सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या दंत महाविद्यालयात तुकडा तपासणीसाठी पाठवावे. गालावर बोट फिरवून ताठर पट्टे चाचपावेत, मानेतील ग्रंथी पाहाव्यात. औषधालयचालकांनीही, एकच गिऱ्हाईक खदिरादी वटीची डबी तिसऱ्यांदा मागू लागले, तर डबी देण्याआधी त्यास तोंड उघडावयास सांगावे.