खिन्न मन ओळखण्याचा पाठ
(चित्र, ग्रंथ व नाटक यांच्या साह्यानें)



ताप आला तर अंग हाताला लागतें, हाड मोडलें तर सूज दिसते. परंतु मन खचलें तर बाहेरून फारसें कांहीं दिसत नाहीं. म्हणून खेड्यांत अशा मनुष्याला कोणी आळशी म्हणतो, कोणी बाहेरची बाधा झाली असें ठरवितो, आणि मंडळींत कोणी त्याचा विश्वास कमी पडला असा निवाडा देतो. अशा उतावळ्या निवाड्यांची किंमत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ घरांनीं भोगली आहे. हें दुखणें ओळखण्यास चित्रकार, ग्रंथकार व नाटककार आपणांस कसें साहाय्य करितात, तें या पाठांत पाहूं.

१. दुखण्याचें स्वरूप

दुःख सर्वांनाच होतें, व बहुधा कालांतरानें ओसरतें. परंतु दोन आठवडे किंवा अधिक काळ मन सतत उदास राहणें, आवडत्या कामांतही गोडी न वाटणें, झोप व भूक बिघडणें, अंगांत त्राण नसणें, आपण निरुपयोगी आहों असें वाटणें, मरणाचे विचार येणें, अशीं लक्षणें एकत्र दिसलीं तर त्यास वैद्यकांत नैराश्याचा आजार म्हणतात. तो पाप नव्हे, ढोंग नव्हे, व त्यास उपचार आहे.

२. चित्राचा धडा

हॉलंड देशचा चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा तरुणपणीं बेल्जममधील कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मजुरांमध्यें उपदेशक होता. पुढें तो स्वतः मनाच्या आजारानें फ्रान्समधील एका रुग्णालयांत राहिला, आणि तेथें १८९० सालीं त्यानें एका म्हाताऱ्याचें चित्र रंगविलें. निळे कपडे घातलेला तो म्हातारा खुर्चीवर ओणवा बसला आहे. दोन्ही मुठींत त्यानें तोंड झांकून घेतलें आहे. शेजारीं शेगडी पेटलेली आहे.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्या. त्याचा चेहरा आपणांस दिसत नाहीं; खिन्न मनुष्य आपलें दुःख मिरवीत नाहीं, झांकतो. आणि ऊब हाताच्या अंतरावर असूनही ती त्याच्या मनापर्यंत पोहोंचत नाहीं. यास्तव "घरांत सर्व कांहीं असून याला काय झालें?" हा प्रश्न व्यर्थ होय.

३. ग्रंथांचा धडा

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' ह्या कादंबरीला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ हा शेतकऱ्याचा मुलगा. उच्च शिक्षण घेऊनही त्याला नोकरी नाहीं, आणि शेतींत पोट भरत नाहीं. नांवाप्रमाणेंच ही बाराही महिन्यांची कथा आहे. मन एका वाईट बातमीनेंच खचतें असें नाहीं. हंगामामागून हंगाम तें झिजत जातें.

आपल्या शास्त्रांतील ८८ वें स्तोत्र पाहा. बहुतेक विलापस्तोत्रें शेवटीं आशेकडे वळतात. हें वळत नाहीं, अंधारांतच संपतें. तरी तें गाळलें गेलें नाहीं, किंवा त्याच्या शेवटीं सांत्वनाचें वाक्यही जोडलें गेलें नाहीं. खिन्न मनुष्याचें बोलणें पुरतें ऐकावें, व त्यावर घाईनें उपदेश चिकटवूं नये, हा बोध यांतून घ्यावा.

४. चित्रपट व नाटक

सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) ह्या चित्रपटांत विदर्भांतील एका कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. शेजाऱ्यानें जीव दिल्यावर त्याच्या बायकोला धाक पडतो, आणि ती मुलाला व सासूला नवऱ्यावर पाळत ठेवावयास लावते. तिची माया खरी. परंतु पाळत ठेवणें निराळें आणि मायेनें विचारणें निराळें. "तुमच्या मनांत जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार येतो काय?" असें विचारल्यानें तो विचार मनांत रुजत नाहीं, असें वैद्य सांगतात. उलट, मनावरचें ओझें उतरण्यास वाट मिळते.

मागें राहिलेल्यांचेंही मन असतें. 'तेरवं' ह्या नाटकांत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी व मुली स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. त्यांपैकीं आपल्या जिल्ह्यांतील वैशाली येडे यांच्या हस्तें जानेवारी २०१९ मध्यें यवतमाळ येथें भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें उद्घाटन झालें. ज्या स्त्रीला मंगल कार्यांत मागें बसविण्याची रीत, ती पुढें येऊन बोलली व साऱ्या महाराष्ट्रानें ऐकलें. कलेचें मोठें कार्य हेंच कीं, ती मुक्या दुःखाला वाणी देते व आपणांस ऐकावयास बसविते.

५. कलेची मर्यादा

दावीद वीणा वाजवी तेव्हां शौल राजाला आराम पडे. तरी दुखणें परत आलें, आणि वाजविणाऱ्यावरच त्यानें भाला फेंकला. कलेनें दुखणें ओळखतां येतें, क्षणभर हलकें होतें. परंतु औषधाचें काम ती करूं शकत नाहीं. कर्ज व पिकाचा पडता भावही गाण्यानें फिटत नाहींत. आणखी, जी कथा मरणाला शौर्य किंवा सुटका म्हणून रंगविते, ती मंडळींत सांगूं नये.

६. आपलें कर्तव्य

(अ) रतामाच्या झुडपाखालीं मरण मागणाऱ्या एलीयाला प्रथम झोप, भाकर व पाणी मिळालें. बोलणें मागाहून झालें. तोच क्रम धरा.
(आ) रोग्याला प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत घेऊन जा. एकट्याला पाठवूं नका. औषधाचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. तें आपल्या मनानें बंद करूं नये.
(इ) १४४१६ ह्या सरकारी 'टेली मानस' क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो. तो चावडीवर व प्रार्थनामंदिरांत लिहून लावा.
(ई) मरणाची भाषा निघाली तर त्याला एकटें सोडूं नका, व फवारणीचें औषध घरांतून हलवून दुसऱ्याच्या कुलपांत ठेवा.

मनन करण्यासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत "आळशी" म्हणून कोणाची हेटाळणी होते? त्याला असें कधींपासून झालें, हें कोणी विचारिलें आहे काय?
२. ८८ वें स्तोत्र मंडळींत क्वचितच कां वाचलें जातें?
३. ज्या घरांत असें मरण झालें, त्या घरीं तेरवीनंतर आपण कितीदां गेलों?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर लिहूं नका. या आठवड्यांत जाऊन या.