कॉम्प्रेसर जळला, पण जाळला कुणी?

एअर सस्पेन्शनची जुनी गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली की मालकाला पहिला सल्ला मिळतो तो कॉम्प्रेसर बदलण्याचा. कॉम्प्रेसर चालत नसतो हे खरंच असतं, त्यामुळे सल्ला पटतोही. माझं सांगणं वेगळं आहे. कॉम्प्रेसर बहुतेक वेळा स्वतःहून मरत नाही. कुठल्या तरी गळतीने त्याला दमवून मारलेलं असतं. ती गळती न शोधता नवा बसवला तर त्याचंही तेच होतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत माझी उमेदीची वर्षं गेली. १९६९ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यातून लष्कराचे स्टॅलियन आणि एलपीटीए ट्रक बाहेर पडले, आणि माझं काम त्यांच्या एअर ब्रेकच्या लाइनवर होतं. तिथे नव्या पोराला पहिला धडा एकच देत: टाकी भर, इंजिन बंद कर आणि काट्याकडे बघत उभा राहा. काटा उतरला तर हवा कुठून तरी जातेय. ती जागा सापडेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

निवृत्तीनंतर जबलपूरच्याच अधारतालला घरी असताना भाच्याची गाडी माझ्यासमोर आली. पंधरा वर्षांच्या घरातली, जर्मन बनावटीची मोठी सेडान. नागपुरातून सेकंडहँड घेतलेली. पुढचा उजवा कोपरा रात्रीतून खाली जायचा. एका गॅरेजने नवा कॉम्प्रेसर बसवून दिला, गाडी उभी राहिली, बिल चुकतं झालं. काही महिन्यांत तो नवा कॉम्प्रेसरही जळला आणि तेच गॅरेज आता तिसरा बसवायला तयार होतं. भाचा म्हणाला, “मामा, पार्टच डुप्लिकेट होता बहुतेक.” मी म्हटलं, “पार्टचं नंतर बघू. आधी हवा कुठे जातेय ते सांग.” ते त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आत काय चालतं ते समजलं की दोष शोधणं सोपं जातं. स्टीलच्या स्प्रिंगच्या जागी प्रत्येक चाकावर दोरे घातलेल्या रबराचा फुगा असतो. गॅरेजात त्याला बेलो म्हणतात. त्यातला दाब टायरच्या दाबापेक्षा बराच जास्त. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती ड्रायरमधल्या सिलिका जेलमधून कोरडी होऊन व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये येते आणि तिथून बारीक नळ्यांनी चारही कोपऱ्यांत जाते. चाकांजवळचे लेव्हल सेन्सर उंची मोजतात आणि कंट्रोल युनिट त्यावरून हवा सोडतं किंवा भरतं. कल्पना जुनी आहे. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूममध्ये ती होती, आणि त्या गाड्यांच्या कितीतरी मालकांनी गळतीला कंटाळून पुढे स्टीलच्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. मर्सिडीजने १९९८च्या एस-क्लासमध्ये एअरमॅटिक आणलं आणि पुढच्या दशकात ऑडी, बीएमडब्ल्यू यांच्या मोठ्या गाड्यांतही हवेच्या स्प्रिंगा दिसू लागल्या. आज आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात त्यातल्या बऱ्याच गाड्या याच पिढीच्या.

आता गळतीची साखळी पाहा. हा छोटा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. हवा गळत असली की त्याला पुन्हा पुन्हा चालावं लागतं. तो तापतो, पिस्टनची रिंग झिजते. त्याला वीज देणाऱ्या रिलेचे पॉइंट जळतात आणि कधी एकमेकांना चिकटून बसतात. मग चावी काढली तरी कॉम्प्रेसर चालूच राहतो आणि सकाळी बॅटरीही मेलेली असते.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. अशा बऱ्याच गाड्यांत, गाडी खाली येताना सोडलेली हवा उलट त्याच ड्रायरमधून बाहेर जाते आणि जाताना सिलिका जेलमधला ओलावा घेऊन जाते. असा ड्रायर सुकत राहतो. कोपऱ्यातून गळणारी हवा मात्र त्या वाटेने जातच नाही. ओली हवा आत येत राहते, ड्रायर सुकत नाही. जबलपूरच्या श्रावणात दमट हवेवर हे चालू राहिलं की पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोचतं आणि व्हॉल्व्ह अडकू लागतात. एका फुग्याची चीर अशी तीन महाग पार्ट खाऊन टाकते.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. सर्वांत आधी बॅटरी. व्होल्टेज कमी असलं तर कंट्रोल युनिट कॉम्प्रेसर चालूच करत नाही, आणि चांगल्या सस्पेन्शनवर फुकट आळ येतो. मग फ्यूज आणि रिले. एवढं दहा मिनिटांत होतं.

त्यानंतर मोजमाप. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी टेपने मोजा, लिहून ठेवा, गाडी बंद करून रात्रभर सोडा. सकाळी दार न उघडता पुन्हा मोजा. काही गाड्यांत दार उघडताच कंट्रोल युनिट जागं होतं आणि गाडी स्वतःला सावरते. एकच कोपरा बसला असेल तर संशय त्या फुग्यावर किंवा त्याच्या नळीवर. पुढची किंवा मागची दोन्ही चाकं सारखी बसली तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे वळा. गाडी रात्री बसत नाही, पण सांगूनही वर चढत नाही, तेव्हा मात्र कॉम्प्रेसर, रिले किंवा ड्रायर खरे संशयित. आणि एक कोपरा नेहमीच वर किंवा नेहमीच खाली राहत असेल, हवा मात्र टिकून असेल, तर लेव्हल सेन्सर किंवा त्याची बारीक दांडी पाहा. ती दांडी तुटते, आणि ती अगदी स्वस्त वस्तू आहे.

थंडीत एक गोष्ट लक्षात ठेवा. दुपारी २७ अंश आणि पहाटे ९ अंश असेल तर फुग्यातली हवा सुमारे ६ टक्के आकसते. गाडीचं वजन तेच, म्हणून दाब तोच राहतो आणि गाडी किंचित खाली येते, चारही बाजूंनी जवळपास सारखी. हा दोष नव्हे. मात्र म्हातारं रबर आणि ओ-रिंगा थंडीत कडक होतात, त्यामुळे उन्हाळ्यात लपलेली गळती जानेवारीत उघडी पडते. तपासणी करायची तर तेव्हा करा.

संशयित कोपरा ठरला की साबणाचं पाणी. भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी स्प्रेने फुग्याच्या घडीवर, नळीच्या जोडावर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवर मारा. चीर बहुधा फुगा आत दुमडतो त्या घडीत असते, म्हणून गाडी पूर्ण वर असताना ती घडी उलगडून पाहावी. काही गाड्यांत पुढचा फुगा धातूच्या नळकांड्यात झाकलेला असतो. तिथे फेसाऐवजी कान लावून ऐकावं लागतं. भाच्याच्या गाडीत पुढच्या उजव्या फुग्याच्या घडीत फेस फुगत राहिला आणि रिले उघडल्यावर त्याचे पॉइंट चिकटलेले निघाले. जळलेल्या कॉम्प्रेसरचा हिशेब तिथे लागला.

हे करताना जीव सांभाळा. अशा गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका. हवा सुटली की गाडी सरळ खाली येते. जॅक स्टँड लावा, चावी बंद ठेवा, दारं कुणाला उघडू देऊ नका. कंपनीने जॅक मोड दिला असेल तर तो आधी चालू करा. बसलेली गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टायर फेंडरला घासतो आणि रबर आणखी फाटतं. फ्लॅटबेडवर चढवा.

दुरुस्तीत काही गोष्टी अडून करून घ्याव्या लागतात. फुग्याला पंक्चरचं ठिगळ कुणी लावत असेल तर नको म्हणा. प्रत्येक खड्ड्यात घडी घालणाऱ्या रबरावर ते टिकत नाही. शक्य असेल तर डावी-उजवी जोडी बदला, कारण दोघांचं वय सारखंच असतं. नळी तिरकी कापू नका. सरळ, स्वच्छ कापलेली नळीच जोडात नीट बसते. नवा फुगा रिकामा असताना त्यावर गाडीचं वजन कधीही टाकू नये. घडी चुकीची पडते आणि नवा माल पहिल्याच दिवशी फाटतो. आधी स्कॅनरने हवा भरायची, मग जॅक सोडायचा. कॉम्प्रेसर बदलत असाल तर रिले आणि ड्रायर त्याच्याबरोबर बदला. सेन्सरला हात लागला असेल तर उंचीचं कॅलिब्रेशन करून घ्या. स्कॅनर मात्र त्या कंपनीच्या गाड्यांची भाषा जाणणारा हवा. सर्वसाधारण स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो. सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटपर्यंत तो पोचतोच असं नाही.

स्टीलच्या स्प्रिंगा बसवाव्या का, असं पुष्कळ जण विचारतात. काही गाड्यांसाठी तसे किट मिळतात. पण डॅशबोर्डवरची सूचना बंद करण्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते, हेडलाइटची पातळी त्याच सेन्सरवर चालत असेल तर तीही बिघडते, आणि गाडी जिच्यासाठी घेतली ती चालच जाते. शिवाय असा बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारलेलं बरं. मला विचाराल तर जुनी गाडी घेतानाच ठरवा. त्याच मॉडेलची स्टील स्प्रिंगवाली आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. हवेवालीच हवी असेल तर विकणाऱ्याला रात्रभर गाडी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी स्वतः टेप लावा. चालू केल्यावर कॉम्प्रेसर किती वेळ घरघरतो तेही ऐका. गाडी आधीच चालू करून गरम केलेली दिसली तर परत फिरा.

भाच्याच्या गाडीचं काम जबलपुरातल्याच रिछाईच्या एका छोट्या गॅरेजमध्ये झालं. तिथला उस्ताद बसच्या एअर बेलोंवर हात बसलेला, लक्झरी गाड्यांचा फारसा अनुभव नसलेला. त्याने फेस दाखवला आणि म्हणाला, “चाचा, हवा तो हवा है, गाड़ी छोटी हो या बड़ी.” स्कॅनर त्याने भाड्याने मागवला.

म्हणून कुठल्याही मोठ्या बिलाला हो म्हणण्याआधी मेकॅनिकला एकच विचारा: गळती कुठे आहे, दाखवा. बोट ठेवून दाखवली तर काम करू द्या. नुसता पार्टचा नंबर सांगितला तर गाडी फ्लॅटबेडवर घाला आणि दुसरं गॅरेज गाठा.