वेल रडते, म्हणजे मुळे जागी आहेत

गोडी बहार छाटणीचे दिवस आले. सटाणा, देवळा, कळवण भागातल्या आगाप बागा जुलै-ऑगस्टपासूनच छाटल्या जातात. आता निफाड, दिंडोरी, चांदवडकडे कात्री चालू होईल आणि पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्या बागांत उतरतील. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलात की दर वर्षीचेच दृश्य दिसेल. काडीच्या कापावर पाण्याचा टपोरा थेंब जमतो, सूर्य त्यात चमकतो, थेंब डोळ्यावरून ओघळतो आणि मागोमाग दुसरा तयार होतो. बोटावर घेऊन चाखून पाहा. जवळजवळ फिकाच लागतो.

याला आपण वेल रडते म्हणतो. नव्या बागायतदाराच्या काळजात इथेच धस्स होते. वेलीची ताकद वाहून चालली असे वाटून कोणी कापाला माती लिंपतो, कोणी मेण लावतो, कोणी घाईने खताचा जादा डोस सोडतो. यातले काहीही करण्याची गरज नसते.

हे पाणी येते कुठून?

छाटणीनंतर वेलीवर पान उरत नाही, त्यामुळे वरून पाणी ओढणारे कोणी नसते. पण जमिनीत ओल आणि ऊब असते. मुळे क्षार आत घेतात, त्यांच्यामागे पाणी येते आणि दाब तयार होऊन ते खोडातून वर चढते. कापलेल्या नळ्या उघड्या असल्याने ते टपकते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी द्राक्षवेलीच्या कापलेल्या खोडाला काचेच्या नळ्या जोडून हा दाब मोजला आणि १७२७ मध्ये ग्रंथात मांडला. वेलीचे पाणी नळीत वीस फुटांहून उंच चढले होते.

कॅनडात मेपलच्या झाडाला भोक पाडून रस काढतात आणि साधारण ४० लिटर रस आटवून १ लिटर पाक करतात. तो रस वाहतो रात्री गोठणाऱ्या आणि दिवसा वितळणाऱ्या थंडीमुळे. आपल्याकडची नीरा गोड असते, कारण ती पानांत तयार झालेली साखर वाहणाऱ्या नळ्यांतून येते. वेलीचे पाणी या दोन्हींपेक्षा वेगळे. त्यात थोडे क्षार आणि अगदी थोडी साखर असते, बाकी सारे पाणीच. वेलीचा साठा खोडात, ओलांड्यात आणि मुळांत शाबूत राहतो. उलट, नळ्यांत अडकलेली हवा या दाबाने बाहेर पडते आणि फुटीसाठी वाट मोकळी होते. डोळे फुटून पाने उघडली की तीच पाणी ओढू लागतात आणि गळणे आपोआप थांबते.

मग लक्ष कुठे द्यायचे?

काप: काडी तपासणीचा अहवाल पाहूनच किती डोळ्यांवर कापायचे ते ठरवा. काप शेवटच्या डोळ्याच्या अर्धा-पाऊण इंच वर आणि तिरका घ्या. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवला तर ओघळ डोळ्यावर येत नाही. कात्रीला धार हवी. चेचलेली काडी उशिरा सुकते. रोगट वेलीवरून निरोगी वेलीकडे जाताना कात्री जंतुनाशकात बुडवा आणि छाटलेल्या काड्या बागेबाहेर न्या.

पेस्टिंग: हायड्रोजन सायनामाइडची पेस्टिंग छाटणीनंतर २४ ते ४८ तासांत करतात. ओघळत्या काडीवर ते टिकत नाही, पाण्याबरोबर वाहून जाते आणि डोळे मागेपुढे फुटतात. म्हणून काडी कोरडी आणि थेंब कमी असेल ती वेळ साधा. मात्रा काडीची जाडी आणि तापमान पाहून तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवा. साधारण ३० ते ४० मिलि प्रति लिटर वापरतात. हातमोजे आणि चष्मा हवेतच. एक गोष्ट टोळीतल्या प्रत्येकाला कळकळीने सांगा: या औषधाचे काम करण्याआधी आणि नंतरचे काही दिवस दारूचा थेंबही घेऊ नये. शरीरात दोन्हींची गाठ पडली तर जिवावर बेतू शकते.

पाणी: भारी काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल असेल तर वेली जास्त रडतात. अशा बागेत छाटणीआधी काही दिवस ठिबक बंद ठेवा आणि वाफसा आल्यावरच कात्री लावा. गळणाऱ्या पाण्याची भरपाई म्हणून वरून पाणी आणि नत्र देऊ नका. फुटीच्या काळात जादा ओल, ढगाळ हवा आणि नत्राचा जोर एकत्र आले की घड जिरतात. ते नुकसान भरून निघत नाही.

जखमा: पेस्ट पूर्ण वाळल्यावर खोड आणि ओलांड्यांवर १ टक्का बोर्डो फवारा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. द्रावणात लोखंडी विळा बुडवून पाहा. तांबूस थर आला तर चुना वाढवा. ओलांडा किंवा खोड कापले असेल तर त्या मोठ्या जखमेवर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा, पण ओघळ थांबल्यावर. ओल्या जखमेवर ती धरत नाही.

कोरड्या वेलीकडे आधी जा

छाटणीनंतर दोन-तीन सकाळी ओळीने फेरी मारा. सगळी ओळ ओघळत असताना मधलीच एखादी वेल कोरडी दिसली, तर तिला चुन्याची खूण करा. आधी तिथला ड्रिपर तपासा. मग बुंध्यापासून हातभर अंतरावर खुरप्याने माती उकरून पाहा. पांढरी मुळी दिसली तर ठीक. मुळ्या काळ्या पडल्या असतील, चोळताच साल सुटत असेल किंवा त्यांवर गाठी असतील, तर दुखणे तिथे आहे. पावसाळ्यात साचलेले पाणी, सूत्रकृमी, बुरशी यांपैकी नेमके काय, ते माती आणि मुळ्यांचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात दाखवून ठरवा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्लेही वाचत राहा.

पाने उघडली की सगळ्या वेली सारख्याच हिरव्या दिसतात आणि मुळांचे दुखणे मणी फुगण्याच्या वेळेपर्यंत झाकून राहते. छाटणीनंतरचे हे चार दिवसच असे असतात की जमिनीखालची खबर काडीच्या टोकावर दिसते. म्हणून रडणाऱ्या वेलीला तिच्या कामावर सोडा आणि खुरपे घेऊन त्या कोरड्या वेलीपाशी बसा.