कांचपेटींतील वनस्पति व दिव्याची निवड

शेतास पाणी किती, खत किती, याचा हिशेब शेतकरी ठेवितो. परंतु उजेड किती, हा प्रश्न त्यास सहसा पडत नाहीं, कारण सूर्य तो फुकट देतो. मात्र माशांची कांचपेटी घरांत मांडून तींत वनस्पति लावावयाच्या म्हटल्या, कीं उजेडही मोजून द्यावा लागतो. हें न कळल्यामुळें आमची फजिती कशी झाली, तें प्रथम सांगतों.

महसूल खात्यांतील कारकुनी संपल्यावर नातवंडांच्या हौसेखातर आम्हीं डहाणूस अशी पेटी मांडली. विक्रेत्यानें डोळे दिपतील असा दिवा दिला. आम्हीं तो सकाळपासून निजेपर्यंत चालू ठेविला. तीन आठवड्यांत कांच, वाळू व पानें शेवाळानें माखलीं. एके दिवशीं सकाळीं चार मासे मेलेले आढळले. धाकटी नात दोन दिवस पेटीकडे फिरकली नाहीं. दिवा वाईट नव्हता. माप चुकलें होतें.

उजेडाचें कार्य

पाण्यांत बुडविलेल्या हिरव्या पानांतून उन्हांत प्राणवायु निघतो, अंधारांत निघत नाहीं, हें यान इंगेनहाउझ या डच वैद्यानें १७७९ सालीं दाखवून दिलें. रात्रीं उलट वनस्पति, शेवाळ व मासे सर्वच प्राणवायु खर्च करितात. म्हणून पहांटे तो पाण्यांत सर्वांत कमी असतो. शेवाळ माजलेल्या आमच्या पेटींतील मासे बहुधा यामुळेंच गेले.

शिवाय उजेड वाढविला म्हणजे वनस्पतीची वाढ होतेच असें नाहीं. कार्बन डायऑक्साइड वायु व नत्र-पालाशादि अन्न त्या मानानें न मिळाल्यास पीक खुंटतें, आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसतें. शेतांतील तणाची गोष्ट याहून निराळी नाहीं.

दिव्याची निवड

वॅट हें विजेच्या खर्चाचें माप, ल्युमेन हें उजेडाचें, व केल्विन हें त्याच्या रंगाचें. खरेदीच्या वेळीं या तिहींची गल्लत होऊं देऊं नये. सुमारें ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी दिवा बहुतेक वनस्पतींस मानवतो.

जावा फर्न, अनुबियास व सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणारी क्रिप्टोकोराइन या सावली सोसणाऱ्या वनस्पति होत. त्यांस ढोबळ मानानें दर लिटरमागें १५ ते २५ ल्युमेन पुरतात. तांबड्या पानांच्या रोटालास ४० हून अधिक लागतात, आणि बहुधा कार्बन डायऑक्साइडही निराळा सोडावा लागतो. नवख्यानें पहिल्या वर्गापासूनच आरंभ करावा.

उदाहरणार्थ, ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३५ खोल पेटींत ६३ लिटर पाणी मावतें. लिटरमागें २० प्रमाणें १२६० ल्युमेन झाले. दिवा वॅटमागें १०० ल्युमेन देत असेल, तर १२ ते १३ वॅटचा पुरे.

किती वेळ लावावा

चिकूचें नवें कलम आपण प्रथम सावलींत ठेवून मग उन्हाची संवय लावितों. तोच न्याय येथें. पहिला महिना रोज सहा तास व पुढें आठ तास दिवा ठरल्या वेळीं लावावा. पेटीवर खिडकींतील थेट ऊन येऊं देऊं नये. दांडा लांबून खालचीं पानें गळूं लागलीं, तर उजेड कमी पडतो असें समजावें; शेवाळ वाढलें, तर एक तास कमी करून दोन आठवडे वाट पाहावी. एका वेळीं एकच बदल करावा. या रीतीनें आमची पेटी पुन्हां निवळली, व नातही परत आली.

शेततळ्यास लागू

तलासरीकडील ज्या बंधूंनीं शेततळ्यांत मासे सोडले असतील, त्यांस हाच धडा उपयोगी आहे. पाणी गडद हिरवें होऊन मासे पहांटे पृष्ठभागीं तोंड काढूं लागले, तर कारण बहुधा तेंच. दोरीनें पांढरी थाळी पाण्यांत सोडावी. हिरव्या पाण्यांत ती वीतभर खोलीवरच दिसेनाशी झाली, तर शेण, खत व खाद्य तूर्त थांबवून ताजें पाणी सोडावें. सूर्याचा दिवा आपणांस कमी करतां येत नाहीं. खत मात्र आपल्या हातीं आहे.