सात वेळा जिंकला, मग वाद कसला?

प्रश्न : आमची लेक आणि जावई बॉस्टनजवळ राहतात. हिवाळ्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे होतो. दर रविवारी घरात अमेरिकन फुटबॉल, आणि सामना संपला की जावई आणि त्यांचे मायामीचे मित्र यांच्यात कडाक्याचा वाद. जावई म्हणतात, टॉम ब्रेडीसारखा क्वार्टरबॅक झाला नाही, सात वेळा सुपर बोल जिंकला. मित्र म्हणतात, डॅन मरीनोची सर कुणालाच नाही. मी विचारलं तर कळलं, मरीनो सुपर बोल एकदाही जिंकला नाही! सात विरुद्ध शून्य असताना वाद होतोच कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एकाकडे सात विजेतेपदं, दुसऱ्याकडे एकही नाही, तरीही जाणती माणसं तासन्‌तास भांडतात, हे पाहून कुणीही बुचकळ्यात पडेल. पण त्या दोघांना हिशेब येत नाही असं नाही. जावई संघाचं यश मोजतायत आणि त्यांचे मित्र एका माणसाचं कसब. या दोन मापांत किती अंतर आहे, हे कळायला आधी खेळाची रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

नावात फुटबॉल असला तरी हा खेळ मुख्यतः हातांचा. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात. तो धावणाऱ्याकडे सोपवायचा, लांब फेकायचा की स्वतःच पळत सुटायचं, याचा निर्णय त्याने दोन-तीन सेकंदांत घ्यायचा, आणि तेवढ्यात समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याच्या अंगावर चाल करून येत असतात. संघात एवढं वजनदार काम दुसऱ्या कुणाचंच नाही. म्हणून जय झाला की हार त्याच्या गळ्यात आणि पराजय झाला की खापर त्याच्याच डोक्यावर.

टीव्हीवर पटकन ध्यानात न येणारी गोष्ट पुढे आहे. चेंडू पुढे नेणारे अकरा आणि प्रतिस्पर्ध्याला अडवणारे अकरा हे एकाच संघातले पण वेगवेगळे गडी असतात. चेंडू समोरच्यांकडे गेला की क्वार्टरबॅक बाकावर जाऊन बसतो. क्रिकेटमध्ये फलंदाजाला निदान क्षेत्ररक्षण करावं लागतं, इथे तेही नाही. साधारण निम्मा सामना त्याच्या डोळ्यांसमोर घडतो, पण त्याच्या हातून घडत नाही.

याचा परिणाम काय होतो, ते खुद्द ब्रेडीच्याच लागोपाठच्या दोन सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यांत, दिसतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा न्यू इंग्लंड पेट्रिअट्स संघ फिलाडेल्फिया ईगल्सशी खेळला. ब्रेडीने ५०५ यार्डांच्या फेकी पूर्ण केल्या आणि तीन टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार पोचवणं) मिळवून दिले. निकाल ४१-३३, आणि तोही त्याच्या विरोधात, कारण त्याच्या बचावफळीला समोरच्यांना थोपवता आलं नाही. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध तो २६२ यार्डांवर थांबला. टचडाउनची एकही फेक नाही, उलट एक चेंडू प्रतिस्पर्ध्याने पळवला. हा सामना पेट्रिअट्सनी १३-३ असा जिंकला. सातांच्या हिशेबात दुसरा सामना धरला जातो, पहिला नाही. चेंडू हातात असताना ब्रेडी कोणत्या सामन्यात सरस खेळला असं कुणाही जाणकाराला विचारलं, तर तो पहिल्याचं नाव घेईल.

हा काही एकट्या ब्रेडीचा योगायोग नव्हे. जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी सुपर बोल जिंकला तो बचावाच्या बळावर. त्या मोसमात सोळा सामन्यांत मिळून त्यांनी फक्त १६५ गुण दिले होते. त्यांचा क्वार्टरबॅक होता ट्रेंट डिल्फर. जिंकल्यानंतर काही महिन्यांतच संघाने त्याला सोडून दिलं. पाच वेळा मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या पेटन मॅनिंगची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१३ मध्ये त्याने ५५ टचडाउन फेकी केल्या. आजही तो एका मोसमाचा विक्रम आहे. त्या वर्षी अंतिम सामन्यात त्याच्या डेन्व्हर संघाचा धुव्वा उडाला. दोन वर्षांनी, थकलेल्या खांद्याने, तो मोसमभरात केवळ ९ टचडाउन मिळवू शकला आणि १७ चेंडू त्याने प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले. सुपर बोल मिळाला तो त्या वर्षी.

कधी नशीबही मध्ये येतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये अटलांटा फाल्कन्सविरुद्ध ब्रेडीचा संघ ३-२८ असा मागे होता. तिथून त्याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ३४-२८ ने सामना काढला. ते पुनरागमन खरोखर थक्क करणारं होतं, त्याचं मोल कमी करायचा माझा मुळीच इरादा नाही. पण जादा वेळेची नाणेफेक पेट्रिअट्सनी जिंकली, आणि तेव्हाच्या नियमानुसार पहिल्याच खेळीत टचडाउन झाला की सामना संपायचा. त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला अटलांटाचा मॅट रायन जादा वेळेत चेंडूला हातही न लावता हरला. पुढे प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्यांसाठी हा नियम बदलण्यात आला.

आता मरीनोकडे वळू. त्याच्या बाजूने बोलणारे १९८४ चं वर्ष का सोडत नाहीत, ते पाहा. तोवर एका मोसमात सर्वाधिक टचडाउन फेकींचा आकडा होता ३६. तेवीस वर्षांच्या या पोराने ४८ फेकल्या, आणि ५००० यार्डांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला क्वार्टरबॅक ठरला. त्याचे ५०८४ यार्ड २०११ पर्यंत कुणाला मागे टाकता आले नाहीत. चेंडू हातातून इतका झटकन सुटायचा की अंगावर येणारे गडी पोचेपर्यंत काम झालेलं असायचं. त्याच मोसमाच्या सुपर बोलमध्ये मात्र जो मोंटॅनाच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी मरीनोच्या मायामी संघाला ३८-१६ असं लोळवलं. त्या दिवशी मायामीच्या धावणाऱ्यांनी मिळून जेमतेम २५ यार्ड काढले. समोरच्यांना कळून चुकलं होतं की आता फेकच येणार. मरीनो १७ मोसम खेळला, पण पुन्हा अंतिम सामन्यात पोचला नाही.

पण मरीनोचे आकडे आजच्यांपुढे फिके दिसतात ना, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. इथेच बरेच जण फसतात. १९७८ मध्ये नियम बदलून चेंडू झेलायला धावणाऱ्याला पहिल्या पाच यार्डांपुढे धक्के मारायला बंदी झाली, आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात पसरून अडवायची मुभा मिळाली. २००४ पासून पंच तो धक्क्यांचा नियम कडकपणे राबवू लागले. क्वार्टरबॅकला जोरात आपटण्यावरही निर्बंध वाढत गेले. २००८ मध्ये ब्रेडीच्या गुडघ्यावर एक गडी आदळला आणि त्याचा अख्खा मोसम वाया गेला, तेव्हा जमिनीवर पडलेल्या गड्याने गुडघ्याकडे झेप घेण्यावर पुढच्या वर्षी बंधन आलं. शिवाय मोसमातले सामनेही वाढले, १४ वरून १९७८ मध्ये १६ आणि २०२१ मध्ये १७. त्यामुळे १९७०, १९८४ आणि २०२१ सालचे यार्ड एकाच तराजूत घालणं बरोबर नाही. आपल्या काळातल्या इतरांपेक्षा कोण किती पुढे होता, हे पाहणं जास्त न्याय्य, आणि तसं पाहिलं तर १९८४ च्या मरीनोइतकी मोठी उडी क्वचितच दिसते.

मग सात या आकड्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो मोठा आहे. अमेरिकन फुटबॉलची व्यवस्थाच अशी आहे की एकच संघ वर्षानुवर्षं वर राहू नये. सर्वांत दुबळ्या संघाला नव्या खेळाडूंत पहिली निवड मिळते, आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. अशा काळात ब्रेडी २३ मोसम खेळला आणि दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला. २००० च्या निवडीत तो होता १९९ वा, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. हे सगळं यश प्रशिक्षक बिल बेलिचिकचं, असा एक आक्षेप असायचा. २०२० मध्ये ब्रेडी टॅम्पाच्या संघात गेला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्याच मोसमात तिथे सुपर बोल जिंकला. बेलिचिककडे राहिलेल्या पेट्रिअट्सच्या वाट्याला त्या वर्षी सात विजय आणि नऊ पराभव आले. एका मोसमावरून सगळं सिद्ध होत नाही, पण त्या आक्षेपाची हवा बरीच गेली. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचं चित्रीकरण आणि चेंडूतली हवा कमी केल्याचा आरोप ही दोन प्रकरणंही त्याचे विरोधक काढतात. दुसऱ्या प्रकरणात ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी आली होती, ते त्याच्या नावापुढून पुसता येणार नाही. मात्र २३ वर्षांचा खेळ तेवढ्याने उभा राहिला, असं मानायला मी तयार नाही.

दोन गैरसमज मात्र काढून टाका. मोंटॅना खेळलेले चारही सुपर बोल जिंकला आणि ब्रेडी तीन हरला, म्हणून मोंटॅना वरचढ, असं काही जण म्हणतात. या न्यायाने अंतिम फेरीत हरण्यापेक्षा आधीच बाद होणं जास्त गौरवाचं ठरेल! दुसरं म्हणजे, इतिहास सुपर बोलपासून सुरू होत नाही. पहिला सुपर बोल झाला जानेवारी १९६७ मध्ये. त्याआधी क्लीव्हलंड ब्राउन्सचा ऑटो ग्रॅहम १९४६ ते १९५५ या दहा मोसमांत दहाही वेळा अंतिम सामन्यात होता, आणि सात जिंकला. त्यातली पहिली चार विजेतेपदं नंतर बंद पडलेल्या एका प्रतिस्पर्धी लीगमधली असल्याने ती हिशेबात फारशी येत नसत.

माझं मत विचाराल तर, संपूर्ण कारकीर्द निवडायची झाली तर ब्रेडी, तोही विजेतेपदांसाठी नव्हे. सहकारी, शहर आणि शरीर बदलत गेलं तरी त्याचे निर्णय बिघडले नाहीत म्हणून. नुसती फेक निवडायची झाली तर मरीनो.

पुढच्या खेपेला सामना पाहाल तेव्हा चेंडूमागे नजर धावू देऊ नका. चेंडू हातात येण्याआधीचे काही क्षण क्वार्टरबॅककडे बघा. तो बोटं दाखवत ओरडत असतो, अंगावर कोण येणार हे ताडून आपल्या गड्यांच्या जागा बदलत असतो. तिसरा प्रयत्न असेल आणि आठ-दहा यार्ड बाकी असतील, तेव्हा तर मुद्दाम पाहा. त्या वेळी समोरच्यांना फेक येणार हे ठाऊक असतं आणि लपवायला काही उरत नाही. असे दोन-तीन सामने पाहिलेत, की कोण समोरची मांडणी वाचून फेकतोय आणि कोण अंदाजाने, हे गुणफलक न बघताही तुम्हाला ओळखता येईल.