शस्त्रक्रियेनंतरचा गुडघा आणि खेळाडूचे पुनरागमन

चढाईस गेलेला कबड्डीपटू मध्यरेषेकडे परतण्यासाठी एकाएकी वळतो. पाऊल जमिनीवर रोवलेले राहते आणि गुडघा आतल्या बाजूस पिळला जातो. अशा क्षणी मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना सांध्याच्या आत जोडणारा पुढचा अस्थिबंध तुटू शकतो. शस्त्रक्रियेत बहुधा खेळाडूच्याच शरीरातील कंडरा काढून ती या जागी बसविली जाते. परंतु शस्त्रक्रिया हा उपचाराचा पूर्वार्ध होय. उत्तरार्ध व्यायामाचा असतो आणि तो पुष्कळ दीर्घ असतो.

कलम रुजण्यास लागणारा काळ

बसविलेली कंडरा कलमासारखी असते. आरंभी तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिल्या काही महिन्यांत ती बसविली त्या वेळेपेक्षाही दुबळी होते. पुढे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळात तिला हळूहळू अस्थिबंधाचे रूप येते. चौथ्या-पाचव्या महिन्यात वेदना थांबलेल्या असतात, चालणे सुरळीत झालेले असते आणि खेळाडूस आपण बरे झालो असे वाटू लागते. खरा धोका येथेच असतो.

व्यायामाचे टप्पे

सांध्यास सूज असेतोपर्यंत मांडीच्या पुढील स्नायूस मिळणारी चेतना दबलेली राहते व तो झपाट्याने बारीक होतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत सूज उतरविणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि हा स्नायू जागा करणे ही उद्दिष्टे असतात. पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती दाबत मांडी आवळावी, पाच आकडे मोजून सैल सोडावी. पुढे गुडघा न वाकविता पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करावा.

पाय भार घेऊ लागल्यावर भिंतीच्या आधाराने अर्धवट बसणे, उताणे निजून कंबर उचलणे, टाचा उचलणे व बुटक्या पायरीवर चढणे-उतरणे हे व्यायाम येतात. त्यानंतर एका पायावर बसणे-उठणे व वजनासह व्यायाम. पायास वजन बांधून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम तज्ज्ञाने सांगितल्याखेरीज करू नये. सांध्यातील कूर्चाही शिवली असल्यास भार देण्याचा क्रम बदलतो. व्यायामानंतर सूज वाढली तर भार अधिक झाला असे समजावे.

धावणे साधारणतः तीन-चार महिन्यांनंतर, तेही सूज नसताना व पुरेशी ताकद आल्यावरच सुरू होते. उडी, उडीनंतर गुडघा आत न वळविता उतरणे आणि दिशा बदलणे हे शेवटचे धडे होत.

पुनरागमनाची कसोटी

केवळ दिनदर्शिका पाहून परतण्याचा दिवस ठरविता येत नाही. एका पायावर उडी मारून काटलेले अंतर व मांडीची मोजलेली ताकद निरोगी पायाच्या किमान ९० टक्के असावी, असा संकेत आहे. डेलावेअर-ऑस्लो अभ्यासगटातील १०६ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके लांबले, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले.

शाळा व गावाचा वाटा

ग्रामीण खेळाडूस फिजिओथेरपिस्ट दररोज भेटत नाही. क्रीडाशिक्षक मात्र भेटतो. तज्ज्ञाने लिहून दिलेले व्यायाम नियमित होत आहेत काय, याची नोंदवही शिक्षकास ठेवता येईल. टॉवेल, भिंत आणि पायरी यांसाठी व्यायामशाळा लागत नाही. पुढील टप्प्यांसाठी लागणारी वजने पंचायतीच्या व्यायामशाळेत असू शकतात. गावची स्पर्धा जवळ आली म्हणून पाचव्या महिन्यात खेळाडूस संघात उतरविण्याचा आग्रह कोणीही धरू नये. एका सामन्याच्या विजयापेक्षा त्या तरुणाचा गुडघा मोलाचा आहे. शेतातही त्याला त्याच पायांवर उभे राहावयाचे असते.